नानांचा रॅप अभिप्रायासाठी सादर

वीज कार्यालयातले मुख्य लिपिक नाना यांनी भर सभागृहात काळा चष्मा लावून रॅप केला, लोकांनी खुर्च्यांवर चढून शिट्ट्या मारल्या, आणि बघता बघता ते गाणं शहरभर झालं.

हे एकदा सांगून टाकलं म्हणजे मन मोकळं झालं. आता यातलं काहीही घडलं नाही असं समजून पुढे जाऊ, कारण खुद्द नानांची अधिकृत भूमिका तीच आहे. "कसला रॅप? मी फाइल वाचली," असं ते विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. आणि पंचाईत अशी की ते खरं बोलतात.

नानांना एक मुलगा. तो दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि संध्याकाळी इमारतीच्या पार्किंगमागे, पाण्याच्या पंपाशेजारी, मित्रांसोबत रॅप करायचा. रॅपमध्ये त्यानं स्वतःचं नाव ठेवलं होतं 'फ्यूज'. वीज कार्यालयात उभी हयात घालवलेल्या माणसाच्या पोटच्या पोरानं हे नाव घ्यावं, हे नानांच्या फार जिव्हारी लागलं होतं. डॉक्टरच्या मुलानं 'ताप' नाव घेतलं तर डॉक्टरला कसं वाटेल? पण खरा खटका उडाला तो एका संध्याकाळी. नाना कामावरून परतत होते. पंपाजवळ पोरगा हातवारे करत, मान उडवत, जीव तोडून म्हणत होता. नाना क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ही बडबड संपली की वर ये, जेवण गार होतंय."

'बडबड' हा एक शब्द. त्या दिवसापासून चिरंजीवांनी वडिलांशी बोलणं बंद केलं. नानांनीही बंद केलं, कारण सुरुवात कोणी करायची याबद्दल घरात काही नियम ठरलेला नव्हता. मग सगळा व्यवहार नानांच्या बायकोमार्फत सुरू झाला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून दोन्हीकडचे निरोप पोचवायची, म्हणजे कार्यालयाच्या भाषेत आवक-जावक सांभाळायची. "त्याला सांग, पंखा बंद करून जा." "त्यांना सांग, पंखा मी लावलाच नव्हता." माउलीनं एकदा दोघांना बजावलं, "मी काही शिक्का मारून पोच देणार नाही हं!" पण देत होतीच बिचारी.

रात्री अंथरुणावर पडल्यावर नानांना त्या शब्दाचं वाईट वाटायचं. शब्द मागे घ्यावा असंही वाटायचं. पण कार्यालयात एखादा शेरा मागे घ्यायचा तर वरिष्ठांची परवानगी लागते, आणि घरात नानांना वरिष्ठ कोण, हा प्रश्न बायकोला विचारण्याची त्यांची छाती नव्हती.

अशा अवस्थेत एक विचित्र गोष्ट घडू लागली. रॅप सुधारला. म्हणजे रॅप होता तसाच होता, त्याच्याकडे बघणारे सुधारले. आधी कोपऱ्यावरच्या गाद्यांच्या दुकानातल्या पुतळ्यानं टोपी उलटी घातली आणि गळ्यात जाड सोनेरी साखळी अडकवली. मग टीव्हीवर टूथपेस्ट रॅप करू लागली. मग विम्याचा एजंट, ज्याला अख्खी इमारत मफलरमध्ये ओळखायची, तो टोपीवाला ढगळ स्वेटर घालून आला आणि 'म्हातारपणाची सोय' ही योजना यमकात सांगू लागला. तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी प्रतीक्षाकक्षात धडधडणारी गाणी सुरू केली. त्यामुळे आतून येणारे पेशंटचे आवाज झाकले जातात, हा वेगळा फायदा. आणि समोरच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक? ज्यांनी "पंपाजवळील असभ्य कोलाहल" या विषयावर सोसायटीकडे तक्रार केली होती, तेच जिन्यात चिरंजीवांना अडवून म्हणाले, "बाळ, नातवासाठी पाढ्यांचा एखादा रॅप बसवून देशील का? निदान सतराचा तरी. सतराचा फार छळतो रे."

एकंदरीत जगानं रॅपला जवळ केलं होतं. फक्त पंपाजवळ उभ्या असलेल्या पोरांना कोणी जवळ केलं नव्हतं. त्यांना वॉचमन अजूनही हाकलत होता.

आणि मग नानांच्या साहेबांनी नानांना केबिनमध्ये बोलावलं.

"नाना, बसा. तुमचे चिरंजीव म्हणे रॅप करतात?"

नानांनी कार्यालयात आजवर 'मुलगा ध्वनी क्षेत्रात आहे' एवढंच सांगितलं होतं. ते चाचरले. "म्हणजे साहेब... वय आहे, करतो काहीतरी."

"अहो, लाजता काय! वरून आदेश आलाय. तरुण ग्राहकांशी तरुणांच्या भाषेत बोला. वर्धापनदिनाला 'वेळेत बिल भरा' या विषयावर रॅप ठेवायचाय. आणि कलाकार आपल्याच घरात! सांगा त्याला. होईल ना?"

इथे नानांकडून आयुष्यातली मोठी चूक झाली. सरकारी नोकरीत या प्रश्नाला एकच उत्तर असतं: "बघतो साहेब." याच उत्तरावर नानांनी एवढी वर्षं विनातक्रार काढली होती. पण 'कलाकार' हा शब्द साहेबांच्या तोंडून आपल्या मुलासाठी ऐकला आणि नानांची छाती नको तेवढी फुगली. ते म्हणाले, "होईल साहेब."

बाहेर येताना त्यांच्या डोक्यात चित्र तयार होतं. साहेबांचं आमंत्रण घेऊन आपण घरी जाणार, पोरगा हरखणार, 'बडबड' रद्द होणार, आवक-जावक बंद, थेट पत्रव्यवहार सुरू.

"त्याला सांग," नाना खुर्चीत ताठ बसून बायकोला म्हणाले, "वर्धापनदिनाला मोठं स्टेज आहे. माइक, दिवे, सगळं. साहेबांनी स्वतः बोलावलंय."

पोरगा दोन हातांच्या अंतरावर बसला होता. बायकोनं मान वळवली. "ऐकलंस?"

चिरंजीवांचे डोळे चमकले. नानांनी ते पाहिलं. "त्यांना विचार, काय म्हणायचं आहे तिथे?"

"त्याला सांग, वेळेत बिल भरा."

डोळे विझले. "त्यांना सांग, माझं एक गाणं तयार आहे. 'फोन उचला' नाव आहे. वीज गेली की तक्रारीचा फोन कोणी उचलत नाही, त्यावर आहे. वर्धापनदिनाला तेच म्हणतो."

"त्याला सांग, ते गाणं नाही, तक्रार आहे!"

"त्यांना सांग, रॅप म्हणजे तक्रारच असते. बिल भरा हे सांगायला गादीच्या दुकानातला पुतळा न्या. कपडे तयार आहेत त्याचे."

"दोघांना सांगते," बायको पोळपाट आपटत म्हणाली, "माझं डोकं उठलंय." आणि कार्यालय त्या दिवसापुरतं बंद झालं.

आता आली का पंचाईत! साहेबांना 'होईल' सांगून बसलेले. नकार सांगायला जावं तर 'पोटच्या पोरावर चालत नाही' हे जाहीर होणार. नानांनी रात्रभर विचार केला नाही, कारण त्यांना झोप चांगली लागते. पण सकाळी दाढी करताना त्यांनी आरशाला सांगितलं, "आपणच लिहू. आपणच म्हणू. त्यात काय आहे? बडबडच तर आहे." या शेवटच्या वाक्याला वस्तरा गालाला लागला.

बातमी इमारतीत पसरायला जिना पुरला. दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाना, शब्दांचं टेन्शन घेऊ नका. माझ्याकडे दिवसभर वाजतं, मला एक शब्द कळत नाही. खरी मेख हातांत आहे. हात असे पुढे आणायचे, जणू तुम्हाला राग आलाय आणि नखांवरचं नेलपॉलिश ओलं आहे." मुख्याध्यापक म्हणाले, "वृत्तात लिहा. रॅप असला तरी मात्रा मोजायला कोणाच्या बापाची भीती?" आणि त्यांनी जिन्यातच मात्रा मोजायला सुरुवात केली. मोजत मोजत ते एक मजला जास्त चढून गेले आणि भलत्याच घराची बेल वाजवली.

नानांनी शेवटी मसुदा तयार केला. तो असा:

वेळेत भरा बिल, वेळेत भरा बिल,
दिवा लागेल घरी, खूश राहील दिल!

एवढंच. पण यमक जुळलं होतं, आणि नानांनी तो कागद पुन्हा पुन्हा वाचून खुर्चीत अंग सैल सोडलं. मग त्यांनी तेच केलं जे त्यांनी आजवर प्रत्येक कागदाचं केलं होतं. त्याला फाइल लावली, वर 'अभिप्रायासाठी सादर' असं लिहिलं आणि फाइल फिरायला सोडली.

एखादं गाणं विभागाविभागातून फिरवावं, ही कल्पना जगातल्या कुठल्याही रॅपरला सुचली नसेल. पण नानांना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं.

विधी विभागानं लिहिलं: "'दिवा लागेल' ही हमी देता येणार नाही. त्याऐवजी 'दिवा लागण्याची शक्यता नाकारता येणार नाही' असे करावे." लेखा विभागानं लिहिलं: "'दिल' या बाबीस तरतूद नाही." भांडार विभाग म्हणाला: "दिवा पुरवणे ही या विभागाची जबाबदारी नाही." उपअभियंत्यांनी नेहमीप्रमाणे लिहिलं: "चर्चा करावी." त्याखाली साहेबांनी विचारलं: "कोणाशी?" उपअभियंता: "आपल्याशी." साहेब: "कधी?" उपअभियंता: "फेरसादर." आणि सगळ्यात शेवटी साहेबांची हिरव्या शाईतली सही: "वरीलप्रमाणे मान्य."

वरीलप्रमाणे मान्य! आता नानांसारखा मुरलेला माणूस याचा अर्थ काय घेणार? वरील म्हणजे वरील. सगळं. मंजूर झालेल्या कागदातला एक शब्द जरी स्वतःच्या मर्जीनं गाळला, तर उद्या लेखापरीक्षक विचारतील, हा अभिप्राय कुठे गेला? तेव्हा नानांनी ठरवलं की गाणं पूर्ण म्हणायचं. शेऱ्यांसकट.

संगीतासाठी ते बसस्टँडमागच्या एका साउंडवाल्याकडे गेले. त्याचं मुख्य काम हरवलेल्या सामानाच्या घोषणा रेकॉर्ड करण्याचं. त्यानं एक ठेका लावला आणि म्हणाला, "काका, करा सुरू."

नानांनी फाइल उघडली आणि कार्यालयात वाचतात तशी वाचली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आधीच्या एका साहेबांना वाचायचा कंटाळा होता, त्यामुळे कित्येक वर्षं नाना त्यांना रोज फाइली वाचून दाखवायचे. साहेबांची दुपारची डुलकी लागायच्या आत फाइल संपवायची, हा एकच नियम. त्यातून नानांच्या जिभेला एक गती आली होती. वाक्य लांबलं तरी दम सुटायचा नाही, आणि 'सादर' शब्दावर टाच आपटून थांबायचं, म्हणजे साहेब दचकून सही करायचे.

वाचन संपलं. साउंडवाल्यानं ठेका थांबवला. मग त्यानं कानावरचे हेडफोन काढले.

"काका, हे 'कोणाशी' तुम्ही लिहिलंत?"

"नाही. साहेबांनी."

"जबरदस्त लिहितात साहेब."

वर्धापनदिनाच्या सकाळी नानांनी डोळे तपासून घेतले. ती वेळ महिनाभर आधी मिळाली होती आणि मिळालेली वेळ सोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, सगळं जग धूसर केलं आणि संध्याकाळपर्यंत काढू नका म्हणून एक भलामोठा काळा चष्मा दिला. त्या चष्म्यात नाना थेट स्टेजवर गेले. अंगात कार्यालयाचा सफारी, हातात फाइल. मजकूर पाठ होता आणि फाइल दिसतही नव्हती, पण हातात नसती तर त्यांना बोलताच आलं नसतं.

सभागृह भरलेलं होतं. पुढे अधिकारी, मागे मोफत चहासाठी आलेले ग्राहक, आणि एकदम मागे, दाराला टेकून, चिरंजीव. बायकोनं ओढून आणलं होतं. तो म्हणे तिला एवढंच म्हणाला होता, "चल. फजिती व्हायचीच आहे तर डोळ्यांदेखत होऊ दे."

ठेका सुरू झाला. नाना ओलं नेलपॉलिश सांभाळल्यासारखे हात पुढे धरून म्हणू लागले.

"वेळेत भरा बिल, वेळेत भरा बिल! दिवा लागण्याची शक्यता नाकारता येणार नाही, खूश राहील दिल! दिल! दिल या बाबीस तरतूद नाही!"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेब खुर्चीत सरळ झाले.

"चर्चा करावी! कोणाशी? आपल्याशी! कधी? फेरसादर!"

आणि वीज गेली.

वीज कार्यालयाच्या वर्धापनदिनाला, कार्यालयाच्या सभागृहात, वेळेत बिल भरलेलं असताना, वीज गेली. जाड पडदे लावलेले, त्यामुळे भर दुपारी मिट्ट काळोख. माइक बंद, ठेका बंद. काळोखात भांडार विभागाचा ओळखीचा आवाज आला: "आमची जबाबदारी नाही."

इतर कोणी असता तर थांबला असता. पण नानांना काळ्या चष्म्यातून तसंही काही दिसत नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं काही बदललंच नव्हतं. शिवाय अर्धी वाचलेली फाइल मिटायची नसते. ते घसा ताणून पुढे म्हणत राहिले. पण ठेक्याशिवाय आवाज उघडा पडला. थरथरायला लागला. पुढच्या रांगेत खोकले सुरू झाले. नानांना पहिल्यांदाच कळलं की आपण एका स्टेजवर एकटे उभे आहोत, आणि आपण जे करतोय त्याला बाहेरून काय म्हणतात. बडबड.

तेवढ्यात मागून, दाराच्या बाजूनं, ठेका आला. कोणीतरी तोंडानंच वाजवत होतं. ओठांनी ढोल, जिभेनं झांज, आणि मधेमधे श्वास. नानांनी तो ठेका ओळखला. पंपाजवळून येताजाता एवढी वर्षं ऐकला होता, फक्त कधी कान दिला नव्हता.

नानांनी टाच आपटली. "सादर!"

"ढप्," मागून आलं.

"चर्चा करावी!" आणि अख्खं सभागृह, ज्यातल्या प्रत्येकानं आयुष्यात कधी ना कधी या कार्यालयाच्या खिडकीपाशी उभं राहून वाट बघितली होती, ओरडलं: "कोणाशी?"

नाना म्हणाले, "आपल्याशी!"

"कधी?"

"फेरसादर!"

खुर्च्या वाजल्या, शिट्ट्या झाल्या. वीज आली तेव्हा अधिकारी एकमेकांकडे बघत होते आणि ग्राहक उभे राहून नाचत होते. दाराजवळचा ठेका मात्र उजेड पडताक्षणी बंद झाला. चिरंजीव खिशात हात घालून छताकडे बघत होते, जणू ते पंख्यांची पाहणी करायला आले होते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, आणि अधिकृतपणे घडलेलंही नाही. वीज जाणं ही 'पूर्वनियोजित कल्पकता' होती असं साहेबांनी वार्ताहरांना सांगितलं. 'कोणाशी' लिहिलेले सदरे बाजारात आले. गादीवाला दारात हजर: "नाना, फक्त एकदा 'फेरसादर' म्हणून गादीवर आडवे व्हा." विम्याच्या एजंटानं नानांना गुरू मानलं. मुख्याध्यापकांनी मात्रा मोजून जाहीर केलं की गाणं कुठल्याही वृत्तात बसत नाही आणि म्हणूनच ते अभिजात आहे. साहेब नानांना गावोगावच्या कार्यालयांत गायला पाठवू लागले, कामाचा दिवस धरून.

नाना सुखावले नाहीत असं नाही. पण एकदा ते आणि चिरंजीव एकाच वेळी जिन्यात होते. वॉचमननं पाहुण्यांना अदबीनं सांगितलं, "ते बघा, मोठे रॅपर. आणि तो मागचा, त्यांचा मुलगा." मग मुलाकडे वळून, नेहमीच्या आवाजात, "आज पंपाजवळ गोंधळ नको हं."

नाना जिन्यात थांबले. मुलगा बाजूनं वर निघून गेला. त्याच्या खांद्यावरून कळत होतं की ऐकलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी बायको भाजी आणायला गेली होती. म्हणजे आवक-जावक कक्षात कोणी नव्हतं. दोघं टेबलाशी. बराच वेळ फक्त टोस्ट वाजत होते.

"'सादर'च्या आधी श्वास घेता तुम्ही," चिरंजीव कपाकडे बघत म्हणाले. "नाकानं. कळतही नाही. कोणी शिकवलं?"

नानांनी घाईनं कप खाली ठेवला, चहा बशीत सांडला. इकडेतिकडे पाहिलं. निरोप कोणाकडे द्यायचा, ही सवय. मग लक्षात आलं, प्रश्न थेट आला आहे.

"साहेब झोपायचे," ते म्हणाले. "घाई असायची."

"मला अजून जमत नाही. दोन ओळींत दम जातो."

"म्हणून दाखव."

"काय?"

"ते. 'फोन उचला'."

"आत्ता? इथं?"

"मी कुठे चाललोय? कार्यालयात दहाच्या आधी कोणी नसतं."

मुलानं म्हटलं. बसल्या जागी, हलक्या आवाजात, टेबलावर बोटांनी ठेका धरून. वीज गेलेलं घर, परीक्षेच्या आदल्या दिवशीची मेणबत्ती, दम्याची मशीन बंद पडलेली शेजारची म्हातारी, आणि तिकडे वाजत राहणारा फोन. त्यात कुठेही यमकासाठी ओढाताण नव्हती. नाना चहात बुडवलेला टोस्ट धरून ऐकत राहिले. टोस्ट मऊ पडून चहात गळाला, तरी काढला नाही.

"हा फोन," शेवटी ते म्हणाले, "माझ्या टेबलाच्या मागेच आहे. वाजतो. खरंच वाजतो."

"माहितीये."

"बडबड नाही ही."

मुलानं बशीतला चहा पुसला. एवढं पुरे होतं.

त्या दिवशी नाना कार्यालयात लवकर गेले. टेबलाशी बसले, कोरा कागद घेतला आणि उभ्या नोकरीत पहिल्यांदाच वर 'अभिप्रायासाठी' असं न लिहिता सुरुवात केली:

"मा. मुख्य अभियंता यांसी सविनय सादर.

विषय: आगामी वर्धापनदिनी गीत सादर करण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, अर्जदाराचा मुलगा हा कलाकार असून अर्जदार स्वतः कलाकार नाही, ही बाब कृपया नोंद व्हावी. सदर मुलाने रचलेल्या गीतात आपल्या कार्यालयाचा उल्लेख अनेक ठिकाणी आला असून एकाही ठिकाणी आदराने आलेला नाही. उल्लेख वस्तुस्थितीस धरून असल्याची खातरजमा अर्जदाराने स्वतःच्या टेबलावरून केली आहे.

तरी सदर गीत कोणत्याही विभागाकडे न पाठविता, त्यातील एकही शब्द न बदलता, अर्जदाराच्या कार्यक्रमाच्या आधी, सर्व अधिकारी पहिल्या रांगेत जागे असताना सादर करू द्यावे, आणि ते पूर्ण होईपर्यंत सभागृहाचा वीजपुरवठा अखंडित ठेवावा, ही नम्र विनंती."